बास वाढवला की गाडी का खडखडते, आणि ती खडखड शोधायची कशी

दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ गाडी घेऊन पुण्याला आला. सात वर्षं जुनी हॅचबॅक, डिकीत नवाकोरा सबवूफर. चहा व्हायच्या आधीच किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू व्हायब्रेशनमध्येच पीएचडी करतेयस ना? मग हे थांबव."

'हे' म्हणजे खडखड. गाण्यात बास आला की मागून, दारातून, कुठून तरी पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. त्याने ड्रायव्हरच्या दाराच्या आत डॅम्पिंग शीट आधीच चिकटवून घेतल्या होत्या. एका पॅकेटात तेवढंच दार झालं. आता दुसरं पॅकेट आणू का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

माझा विषय नेमका हाच आहे: पातळ पत्र्याला चिकट थर लावला की त्याची कंपनं किती आणि का कमी होतात. त्यामुळे "आण की" म्हणणं सोपं होतं. पण त्याच आठवड्यात एका परिषदेला पाठवलेला ॲबस्ट्रॅक्ट मी मागे घेतला होता. का, ते शेवटी सांगते. त्या चटक्यामुळे मी म्हटलं, "दादा, आत्ता काही चिकटवू नको. आधी शोधू."

पुढचे दोन दिवस आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढले. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय, कारण इथे लागणारं सामान म्हणजे एक फोन, एक वही आणि एक धीराचा माणूस. पण चुका मात्र प्रयोगशाळेतल्याच होतात.

हवा पत्र्याला किती जोरात ढकलते?

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे ५० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी ३४३ ÷ ५०, जवळपास ७ मीटर. गाडीची केबिन लांबीला अडीच-तीन मीटर. अख्खी लाट आत मावतच नाही. त्यामुळे साधारण ६० हर्ट्झच्या खाली केबिनमधली सगळी हवा जवळजवळ एकदमच दाबली जाते आणि एकदमच सैल होते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या हलवावा, तसं. सबवूफरचा कोन म्हणजे दट्ट्या आणि गाडी म्हणजे बंद नळी. म्हणूनच हॉलमध्ये बेताचा वाटणारा सबवूफर गाडीत छाती हलवतो.

आता आकडे घालून बघू. ११० डेसिबलला दाबातला चढउतार असतो सुमारे ६.३ पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कल आहे, त्यापुढे हे काहीच नाही. पण दाराचा आतला पॅनल अर्धा चौरस मीटर धरा. बल झालं ३ न्यूटनच्या थोडं वर, म्हणजे तीनशे ग्रॅमचं वजन. १२० डेसिबलला दाब होतो २० पास्कल. दीड चौरस मीटरच्या छतावर ३० न्यूटन, म्हणजे तीन किलो! आणि हे वजन नुसतं ठेवलेलं नाही. सेकंदाला पन्नास वेळा आत-बाहेर ओढलं-ढकललं जातंय.

दुसरी वाटही आहे. सबवूफरची पेटी डिकीत नुसती ठेवलेली असेल तर ती स्वतः हलते आणि खालच्या पत्र्याला थेट हलवते. एक वाट हवेतून, एक पत्र्यातून. कुठली वाट जास्त दोषी, हे ओळखायला पेटीखाली जाड फोम घालून तेच गाणं पुन्हा लावायचं. आवाज तसाच राहिला तर हवा दोषी, बराच कमी झाला तर पेटी. आमच्याकडे काही फरक पडला नाही, म्हणजे वाट हवेची.

एकाच सुरावर का?

गणपतीच्या मिरवणुकीत डीजेची भिंत घरासमोरून गेली की स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे वाजतात. पण सगळे एकदम वाजत नाहीत. एका गाण्यावर एक झाकण, दुसऱ्या गाण्यावर खिडकीची काच. प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते, आणि बाहेरचा धक्का त्याच चालीवर आला की वस्तू त्याला जोरात साथ देते. पाठ्यपुस्तकात याला अनुनाद म्हणतात.

ही वारंवारता दोन गोष्टींवर ठरते: वस्तू किती ताठ आहे आणि किती जड आहे. ताठपणा भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ, त्या प्रमाणात वारंवारता. वस्तुमान दुप्पट केलं तर वारंवारता निम्मी होत नाही, सुमारे ३० टक्क्यांनी उतरते. हे वाक्य लक्षात ठेवा, दादाच्या दाराची गोष्ट यावरच आहे.

खडखड, करकर, झणझण

गाड्यांच्या कारखान्यात या आवाजांसाठी तीन इंग्रजी नावं आहेत: बझ, स्क्वीक आणि रॅटल. आपल्या भाषेत ती आधीपासून आहेत, आणि आवाज ऐकूनच ओळखू येतात.

झणझण म्हणजे पत्रा किंवा प्लॅस्टिक स्वतःच थरथरतंय. सूर लांबतो तोवर तीही लांबते. करकर म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना चिकटतायत, सुटतायत, पुन्हा चिकटतायत. खडखड म्हणजे दोन वस्तू एकमेकींपासून सुटून पुन्हा आपटतायत.

खडखडीचं गणित फार सोपं आणि थोडं धक्कादायक आहे. डॅशबोर्डच्या खणात नाणं पडलंय. ते खणाला चिकटून राहतं फक्त गुरुत्वाकर्षणामुळे. खण वरखाली हलताना त्याचं त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं झालं की नाणं उडायला लागतं. ५० हर्ट्झला एवढं त्वरण यायला खण किती हलावा लागतो? ९.८ भागिले (२π × ५०) चा वर्ग. उत्तर येतं ०.१ मिलिमीटर. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी! डोळ्यांना खण जागेवर दिसतो आणि नाणं मात्र नाचत असतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, खडखडीला उंबरठा असतो. आवाज हळूहळू वाढवला तर ती हळूहळू येत नाही, एका ठिकाणी अचानक सुरू होते. म्हणून "कमी आवाजात तपासलं, काही नव्हतं" याला अर्थ नाही. दोन, धक्का ५० हर्ट्झचा असला तरी आपटण्याचा आवाज शेकडो-हजारो हर्ट्झचा असतो, आणि कान नेमके तिथेच तिखट असतात. म्हणून एवढ्याशा नाण्याचा आवाज एवढ्या मोठ्या बासच्या वर ऐकू येतो.

शोधायची पद्धत

पहिल्या दिवशी आम्ही फक्त गाडी रिकामी केली. खणातली नाणी, चष्म्याची केस, दारातल्या बाटल्या, डिकीतला जॅक आणि पाना, मागच्या सीटच्या पट्ट्यांची बकलं, सगळं बाहेर. जे बाहेर निघत नव्हतं ते फडक्यात गुंडाळलं. हे कंटाळवाणं आहे, म्हणून लोक टाळतात. पण मूळ परिस्थिती स्वच्छ नसेल तर पुढचं प्रत्येक निरीक्षण संशयास्पद.

मग गाणं बंद. गाण्यात एकाच वेळी दहा सूर असतात, त्यातला कोण दोषी हे कळत नाही. फोनवर सूर निर्माण करणारं मोफत ॲप टाकलं. आवाजाचं बटण एका ठिकाणी ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली, कुणी हलवू नये म्हणून. मग २० हर्ट्झपासून १२० पर्यंत एकेक हर्ट्झ वर, प्रत्येक सुरावर तीन-चार सेकंद. एक फेरी साधारण सहा मिनिटांची. दादा आत, मी बाहेर, दोघांच्या कानात इअरप्लग, दोघांच्या वेगळ्या वह्या. (फेऱ्यांमध्ये सबवूफरला विश्रांती द्या. एकच सूर जोरात बराच वेळ वाजवला तर आतली कॉइल तापून जळू शकते.)

वर जाताना एक फेरी, खाली येताना दुसरी. मागच्या बाजूची खडखड वर जाताना ४३ ला सुरू झाली, पण खाली येताना ३९ पर्यंत टिकली. दादाला वाटलं मी चुकले. चूक नव्हती. आपटणाऱ्या वस्तू अशाच वागतात: एकदा उडायला लागली की कमी धक्क्यावरही उडत राहते. एकाच दिशेने मोजलं असतं तर आम्ही "४३ हर्ट्झ" असं छातीठोकपणे लिहिलं असतं.

ही खडखड दादाला आतून मागच्या सीटमधून येतेय असं वाटत होतं. मला बाहेरून डिकीच्या कुलपातून. एवढ्यात सोसायटीचे वॉचमनकाका बाकावरूनच म्हणाले, "ताई, ती नंबर प्लेट वाजतीय." बोट ठेवलं, आवाज बंद! आम्हा दोघांच्या डोक्यात आधीच एकेक सिद्धांत होता. काकांच्या डोक्यात नव्हता. केबिनमध्ये आवाज काचेवर, छतावर आपटून फिरतो, त्यामुळे आत बसलेल्याला दिशा फसवतेच. पण मला तर कोणी फसवलं नव्हतं. मी कुलूपच ऐकायला उभी होते.

हात ठेवला की आवाज थांबतो. म्हणून?

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. संशयित पॅनलवर हात दाबला, आवाज थांबला, लोक म्हणतात "सापडलं!" आणि तिथे शीट चिकटवतात.

हात ठेवल्यावर नेमकं काय होतं बघा. हाताचं वजन पॅनलला मिळतं. हाताने दाबल्यामुळे तो ताठ होतो. मऊ तळव्यात त्याची ऊर्जा जिरते. आणि पॅनल मागे ढकलला जाऊन मागच्या वस्तूला घट्ट टेकतो किंवा तिच्यापासून दूर होतो. एका हाताने चार बदल एकदम केले. आवाज का थांबला, हे हात सांगत नाही. कुठे बघायचं, एवढंच सांगतो.

आणि चारही कारणांचे इलाज वेगळे आहेत.

दोन वस्तू आपटत असतील तर त्यांच्या मध्ये मऊ काहीतरी हवं: फेल्टची पट्टी, बंद छिद्रांचा फोम, वायरींच्या जुडग्याला गुंडाळतात ती कापडी टेप. एखादी क्लिप, स्क्रू, कुलपाची कडी सैल असेल तर ती बदलायची किंवा आवळायची. पत्रा स्वतः झणझणत असेल तर, आणि तरच, डॅम्पिंग शीट. तिच्यात ब्यूटिल रबराचा चिकट थर आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. दाराचा पत्रा वाकला की मधलं रबर दोन पत्र्यांमध्ये सरकतं आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जाते. याच सरकण्याला महत्त्व असल्यामुळे ती रोलरने पूर्ण दाबून बसवावी लागते. खाली हवा राहिली तर ती नुसतं वजन. अख्खा पत्रा मढवायचीही गरज नसते. कडांना पत्रा तसाही ताठ असतो, मधला मोकळा भाग झाकला की बराचसा फायदा मिळून जातो. चौथा इलाज म्हणजे धक्काच कमी करणे: पेटी पट्ट्याने घट्ट बांधा, आणि दारातल्या छोट्या स्पीकरांना फिल्टर लावून खालचे सूर देऊ नका, ते काम सबवूफरचं.

नंबर प्लेटला फोम पुरला. हाय सिक्युरिटी प्लेटचे लॉक एकदाच बसतात, काढायचे म्हणजे तोडायचे. म्हणून प्लेट न काढता फोमच्या पट्ट्या कडेने आत सरकवल्या. खर्च वीस-तीस रुपये.

दादाच्या दाराचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी दारं. इथे एक गोष्ट नकळत आमच्या फायद्याची झाली. शीट फक्त ड्रायव्हरच्या दारात होत्या, डावीकडचं पुढचं दार तसंच होतं. दोन्ही दारं एकमेकांची आरशातली प्रतिमा. म्हणजे तुलनेसाठी कोरा नमुना आयताच तयार! दुसरं पॅकेट आधीच लावलं असतं तर तो हातचा गेला असता.

कोरं दार ५८ हर्ट्झला सगळ्यात जास्त झणझणत होतं. शीट लावलेलं दार ४९ ला. झणझण थोडी मंद होती, हे खरं. पण ती गेली नव्हती, सरकली होती. हिशोब जुळतो का बघा. दाराचा पत्रा ०.७ मिलिमीटर धरला तर चौरस मीटरला साडेपाच किलो. त्यावर शीटचे साधारण तीन किलो. साडेपाच भागिले साडेआठ, त्याचं वर्गमूळ ०.८. ५८ चे ०.८ पट म्हणजे ४६-४७. शीटमुळे थोडा ताठपणाही येतो, म्हणून ४९ पटण्यासारखं आहे.

दादा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणूनच. शीट लावल्यावर जुनी गाणी नीट वाजायला लागली, आणि हे नवं गाणं, जे आधी नीट वाजायचं, तेच आता खडखडतंय." त्याला हे आधीच दिसलं होतं. त्याने ते बाजूला ठेवलं होतं, कारण पैसे खर्च झाले होते आणि फरक पडलाच पाहिजे होता.

पण 'खडखडतंय' का? पत्रा तर झणझणतो. आतला पॅनल उघडला तर कुलपाच्या दांडीजवळ वायरीचा एक कनेक्टर मोकळा लोंबत होता. पत्रा ४९ ला थरथरला की तो आपटायचा. त्याला कापडी टेप गुंडाळून बांधला. खडखड बंद. मग टेप सोडून पुन्हा लावून बघितलं: खडखड परत आली. पुन्हा बांधला: पुन्हा बंद. हे परत सोडून बघणं दादाला वेडेपणा वाटला. पण कारण सापडलं असं मी त्या क्षणी पहिल्यांदा म्हटलं, त्याआधी नाही.

दुसरं पॅकेट आणलं नाही. (दार उघडणार असाल तर दोन सूचना: तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती झाकू नका, आणि एअरबॅगच्या वायरी-सेन्सरच्या जवळ काही चिकटवू नका, शंका असेल तर तेवढं काम मेकॅनिककडे.)

आता तो ॲबस्ट्रॅक्ट

माझ्या प्रयोगात पत्र्याचे नमुने एका पोलादी चौकटीत बसवून शेकरवर हलवतात आणि कुठल्या वारंवारतेला किती कंपन होतं त्याचा आलेख काढतात. माझ्या अकरा नमुन्यांच्या आलेखात एकाच ठिकाणी एक छोटा शेंडा येत होता. थर कुठलाही असो, शेंडा तिथेच. मी त्यावर दोन पानं लिहिली. चिकट थराचा एक नवा गुणधर्म म्हणून त्याला सजवलं आणि परिषदेला पाठवलं.

सरांनी आलेख बघून एवढंच विचारलं, "अगं, रिकामी चौकट चालवून बघितलीस का?"

नव्हती बघितली. चार महिन्यांत एकदाही नाही. चालवली. शेंडा तिथेच होता, नमुन्याशिवाय. चौकटीच्या चार बोल्टांपैकी एक नीट आवळलेला नव्हता. आवळला तसा शेंडा हलला. माझा नवा गुणधर्म म्हणजे एक सैल बोल्ट होता.

थर बदलला तरी शेंडा जागचा हलत नाही, हे मला चार महिने दिसत होतं. खरं तर तीच सगळ्यात मोठी खूण होती: जे नमुना बदलला तरी बदलत नाही, ते नमुन्याचं नसतं. पण दादासारखंच मीही ते बाजूला ठेवलं, कारण त्यात माझे चार महिने गेले होते. अकराही नमुने आता पुन्हा मोजतेय. सातवा चालू आहे.

म्हणून तुम्ही प्रयोग सुरू कराल तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर हे तीन प्रश्न लिहून ठेवा. नमुना काढून टाकला तर आकडा काय येतो? मी आत्ता एक गोष्ट बदलली की चार? आणि केलेला बदल परत उलटा केला तर जुना परिणाम परत येतो का?

दादा भाऊबीजेनंतर गावी गेला. परवा त्याचा फोन आला: मागच्या सीटजवळ आता नवीनच करकर येतेय, साधारण ७० ला. मी विचारलं, "हात ठेवून बघितलास?"

म्हणाला, "बघितला. थांबते. पण अजून काही चिकटवलं नाहीये."